धडधड नाशिकपर्यंत थांबत नाही

मोबाइलला जोडायचं, दोन्ही हातांची बोटं ठेवायची आणि तीस सेकंदांत हृदयाचा आलेख काढायचा, अशी छोटी यंत्रं बाजारात येऊन आता बरीच वर्षं झाली. शहाण्यासुरत्या माणसांत त्यांच्याविषयी एक मतही ठरून गेलं आहे. ते असं, की हे पैसेवाल्यांचं खेळणं आहे. ज्यांना काही झालेलं नाही ते दिवसातून दहा वेळा आलेख काढतात, घाबरतात, डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर पाठवत सुटतात आणि नको त्या तपासण्या करून घेतात. ज्यांना खरोखर काही झालं आहे ते यंत्राच्या भरवशावर घरी बसून राहतात. आणि शेवटी पालुपद असतं, की पुण्या-मुंबईत एक वेळ ठीक, खेड्यात याचं काय काम?

माझं भांडण या शेवटच्या वाक्यापासून सुरू होतं. हिशेब नेमका उलटा आहे. ज्याच्या घरापासून हृदयरोगतज्ज्ञ रिक्षाने पंधरा मिनिटांवर आहे, त्याला या यंत्रावाचून फारसं अडत नाही. अडतं ते नामपूरला.

बागलाण तालुक्यातलं मोसम नदीकाठचं हे गाव काही आडरानात नाही. कांद्याची बाजार समिती आहे. डाळिंबाचा पैसा गावाने पाहिला आहे आणि तेल्या रोगाने तो जातानाही पाहिला आहे. ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने आहेत, ईसीजीही निघतो. सटाणा जवळ आहे, मालेगावही तासाभराच्या आत येतं. पण हृदयाच्या ठोक्यांच्या बिघाडाचा खास अभ्यास केलेला डॉक्टर हवा असेल, तर नाशिक गाठावं लागतं आणि नाशिक शंभर किलोमीटरच्या घरात आहे. सकाळची एसटी, दुपारचा नंबर, संध्याकाळी परत. बुडालेला रोज वेगळाच.

हे अंतर प्रत्येक आजारात त्रास देतं, पण बहुतेक आजार निदान वाट पाहतात. मोतीबिंदू वाट पाहतो, हर्निया पाहतो, वाढलेली साखरही दोन दिवसांनी तशीच सापडते. ठोक्यांचा बिघाड मात्र वाट पाहत नाही. काही जणांच्या हृदयात जन्मापासून विजेची एक जादा वाट असते. एरवी तिचा काही उपद्रव नसतो. मग एखाद्या दिवशी ठोक्याची वीज त्या वाटेने गोल फिरू लागते आणि नाडी एकदम मिनिटाला दीडशे, एकशे ऐंशी, कधी दोनशेवर जाते. दहा मिनिटं, वीस मिनिटं, कधी तासभर. आणि बटण बंद करावं तशी ती थांबते. थांबल्यावर मागे खूण म्हणून काही राहत नाही. डॉक्टरी भाषेत याला एसव्हीटी म्हणतात.

आता नामपूरच्या शिवारात कांदा निवडायला बसलेल्या चाळिशीतल्या बाईला हे झालं, असं समजा. ती अहिराणीत एवढंच म्हणेल, जीव घाबरस. पुतण्या मोटारसायकल काढेल. दवाखान्यात पोचून, पदर सावरून, टेबलावर झोपून ईसीजीच्या पट्ट्या लागेपर्यंत ठोके जागेवर आलेले असतील. कागद निघेल तो नॉर्मल. आपल्याकडे नॉर्मल कागदाला भलता मान आहे. तो निघाला, की तक्रार खोटी ठरते. गॅस झाला असेल, रक्त कमी असेल, टेन्शन घेऊ नका. दुसऱ्यांदा झालं, की मालेगाव. तिसऱ्यांदा नाशिक, तिथे सोनोग्राफीसारखी इको तपासणी, तीही नॉर्मल. मग चोवीस तास अंगावर वागवायचं होल्टर यंत्र. त्या चोवीस तासांत ठोक्यांना काहीही होत नाही, कारण दौरा महिन्यातून एकदा येतो. चौथ्यांदा घरातलीच माणसं म्हणतात, हिचं नेहमीचंच आहे. कुठे तरी नवसही बोलला जातो.

यात नामपूरच्या डॉक्टरांचा दोष आहे, असं मला म्हणायचं नाही. अमेरिकेतही हेच घडलं आहे. १९९७ साली तिथल्या डॉक्टरांनी एसव्हीटीचं निदान पक्कं झालेल्या १०७ रुग्णांचे जुने कागद उलटून पाहिले. निम्म्याहून अधिक जणांचा आजार पहिल्या तपासणीत ओळखूच आला नव्हता आणि अशांपैकी निम्म्यांना खरं निदान मिळेपर्यंत तीन वर्षांहून जास्त काळ गेला होता. मधल्या काळात अर्ध्याहून अधिक जणांना भीती, चिंता, ताण यांतलं एखादं लेबल लागलं होतं. ते लेबल बायकांना पुरुषांच्या साधारण दुप्पट प्रमाणात लागलं होतं. जिथे गल्लोगल्ली ईसीजी निघतो तिथली ही गत. आणि हा आजार असा, की एकदा पकडला तर मांडीच्या शिरेतून तार सरकवून ती जादा वाट जाळता येते आणि शंभरातल्या नव्वदहून जास्त जणांची त्यातून कायमची सुटका होते. हृदयरोगांत असा पूर्ण बरा होणारा आजार क्वचितच सापडतो. तो पकडायला लागतो काय, तर दौरा चालू असतानाचा तीस सेकंदांचा कागद.

तो कागद कोण काढणार? दौरा येईल तेव्हा ज्याच्या हातात यंत्र असेल तो. याला माझ्या माहितीत दुसरं उत्तर नाही.

यावर पुरावा मागितला जातो आणि मागावाच. एडिंबराच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने ब्रिटनमधल्या दहा रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत एक चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१९ साली आले. धडधड किंवा चक्कर येऊन आलेले, पण रुग्णालयात काही न सापडलेले सुमारे २४० जण. निम्म्यांना नेहमीची पद्धत, निम्म्यांना त्याशिवाय मोबाइलला जोडायचं यंत्र घरी दिलं. नव्वद दिवसांत नेहमीच्या पद्धतीने शंभरातल्या साडेनऊ जणांच्या तक्रारीमागचा ठोका हाती लागला. यंत्रवाल्यांत तो साडेपंचावन्न जणांचा लागला. सरासरी वेळ त्रेचाळीस दिवसांवरून साडेनऊ दिवसांवर आला. हे सगळं अशा देशात, जिथे होल्टर सरकारी खर्चाने मिळतो आणि रुग्णालय बसच्या अंतरावर असतं.

आता समोरच्यांची बाजू. ती पोकळ नाही, म्हणूनच तिच्याशी भांडायचं.

त्यांचं पहिलं हत्यार म्हणजे खोट्या इशाऱ्यांचा धोका, आणि दाखला बहुधा ॲपलच्या अभ्यासाचा. चार लाख एकोणीस हजार माणसांच्या मनगटांवर घड्याळं होती. नाडी अनियमित असल्याचा इशारा शंभरातल्या अर्ध्या माणसाला गेला. ज्यांनी नंतर छातीवर पट्टी लावून ती परत पाठवली, त्यांतल्या ३४ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर, सापडली. टीकाकार म्हणतात, बघा, तिघांतल्या दोघांना उगाच घाबरवलं. तेही पूर्ण खरं नाही. पट्टी इशाऱ्यानंतर बऱ्याच दिवसांनी लागली होती आणि ही थरथर येते-जाते. पण ते सोडून देऊ. मुद्दा असा, की त्या अभ्यासातले निम्म्याहून अधिक लोक चाळिशीच्या आतले होते आणि त्यांना काहीही होत नव्हतं. तरुण, ठणठणीत माणसांत आजार विरळाच असतो. तिथे चाचणी कितीही चांगली असली तरी तिच्या इशाऱ्यांत खोट्यांची भर राहणारच, हे साधं गणित आहे. हजारांत एकाला आजार असेल आणि चाचणी शंभरातल्या दोघांच्या बाबतीत चुकत असेल, तर एका खऱ्यामागे वीस खोटे निघतील. ज्या बाईला महिन्यातून एकदा दरदरून घाम फुटून छाती धडधडते, तिला हे गणित लावायचं कारण काय? निरोगी माणसाची चाळणी वेगळी आणि दुखणाऱ्या माणसाचा शोध वेगळा. या दोन गोष्टींची गल्लत झाली, की टीका ऐकायला बिनतोड वाटते आणि असते भलतीकडेच.

दुसरा दाखला डेन्मार्कचा, लूप नावाच्या चाचणीचा. सत्तर ते नव्वद वयाच्या सहा हजार माणसांतल्या काहींच्या त्वचेखाली ठोके नोंदणारं यंत्र बसवलं. त्यांच्यात एट्रियल फिब्रिलेशन जवळजवळ तिप्पट सापडलं, रक्त पातळ करणारी औषधं दुपटीहून जास्त जणांना सुरू झाली, पण पक्षाघातात ठळक म्हणावा असा फरक पडला नाही. अमेरिकेतल्या आजार-प्रतिबंधाच्या अधिकृत समितीनेही २०२२ साली, लक्षणं नसलेल्यांची अशी चाळणी करावी की नाही याला पुरेसा आधार नाही, असंच सांगितलं. मला दोन्ही मान्य आहेत. नामपुरात घरोघरी जाऊन धडधाकट माणसांचे आलेख काढा, असं मी म्हणतच नाही. लूपमधली माणसं धडधड घेऊन आलेली नव्हती. त्यांच्यावरून नामपूरच्या बाईला यंत्र नाकारायचं, म्हणजे एकाच्या कागदावर दुसऱ्याला गोळी देण्यासारखं आहे.

आणखी एक गोष्ट मोठ्या चवीने सांगितली जाते. अमेरिकेतल्या सत्तरीच्या एका बाईंनी घड्याळावर एका वर्षात ९१६ आलेख काढले, भीतीने पछाडल्या, पुनःपुन्हा डॉक्टरांकडे धावल्या. हे प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात २०२० साली आलेलं आहे, खरं आहे आणि वाईट आहे. पण त्यातून निघतो तो एवढाच धडा, की यंत्र देताना ते कधी वापरायचं हे सांगा, आणि त्याहून जास्त म्हणजे कधी वापरायचं नाही ते सांगा. धडधडलं तरच बोटं ठेवायची. एरवी यंत्र कपाटात.

या सगळ्या आक्षेपांखाली एक न बोललेला आक्षेप असतो. सामान्य माणसाला यातलं काय कळतं? त्यासाठी एका माणसाची गोष्ट सांगतो. रिचर्ड बर्नस्टीन हा अमेरिकन इंजिनिअर लहानपणापासून मधुमेही. १९६९ साली त्याने रक्तातली साखर मोजणाऱ्या एका नव्या यंत्राची जाहिरात पाहिली. यंत्र दीड किलोच्या आसपास, किंमत साडेसहाशे डॉलर, आणि ते रुग्णालयांसाठी होतं, बेशुद्ध मधुमेह्याला मद्यपी समजू नये म्हणून. बर्नस्टीनने मागितलं, कंपनीने नाकारलं, कारण तो डॉक्टर नव्हता. त्याची बायको डॉक्टर होती. यंत्र तिच्या नावावर घेतलं. दिवसातून अनेक वेळा रक्त तपासत त्याने स्वतःच्या इन्सुलिनचा आणि जेवणाचा मेळ बसवला, प्रकृती सुधारली, ते लिहून वैद्यकीय नियतकालिकांकडे पाठवलं. छापलं गेलं नाही. कोणी ऐकेना, तेव्हा हा गृहस्थ पंचेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला आणि डॉक्टर होऊन बाहेर पडला. रुग्णाने घरी साखर मोजणं त्या काळी आगाऊपणा मानला जात होता. आज नामपूरच्या मेडिकल दुकानात ग्लुकोमीटरच्या पट्ट्या मागायला कोणी लाजत नाही आणि डॉक्टरच विचारतात, घरची रीडिंगं आणलीत का?

इतकं लांब जायचीही गरज नाही. सप्टेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम काढली. आशाताई आणि स्वयंसेवक दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फिरले. पंच्याण्णवच्या खाली आकडा गेला, की हलवायचं, हे ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही अशा आजीबाईंनाही पाठ झालं. तेव्हा कोणी म्हटलं नाही, की बोटाला लावायचं यंत्र खेड्यातल्या माणसाच्या हातात देऊ नका, तो घाबरेल. गरज सरकारला होती, तेव्हा लोक शहाणे होते.

ईसीजीवर तर हा आक्षेप शोभतच नाही. हा शोध ज्यांच्या नावावर आहे, त्या नेदरलंड्सच्या विलेम आइंटहोवेन यांचं मूळ यंत्र पावणेतीनशे किलोच्या आसपास होतं आणि चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण हात आणि पाय मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत बुडवून बसे. त्यांनी ज्या जोडणीला पहिला क्रमांक दिला ती डाव्या-उजव्या हातांमधली. मोबाइलच्या पाठीवरच्या दोन पट्ट्यांवर बोटं ठेवली, की नोंदली जाते ती हीच. आणि १९०५ साली त्यांनी लायडनच्या रुग्णालयातल्या माणसाचा आलेख टेलिफोनच्या तारेने दीड किलोमीटर लांबच्या आपल्या प्रयोगशाळेत घेतला होता, कारण ते धूड हलवणं शक्य नव्हतं. रुग्ण एकीकडे आणि वाचणारा दुसरीकडे, हे या तपासणीच्या जन्मापासूनचं आहे. आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानेही मोबाइलवरून पाठवता येणारं, हातात मावणारं बारा लीडचं टेली-ईसीजी तयार केलं, ते कोणाच्या खेळण्यासाठी नव्हे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरवैद्यकाची नियमावली काढली, तेव्हापासून व्हॉट्सॲपवर आलेला कागद पाहून सल्ला देण्यात डॉक्टरला कायद्याचीही अडचण राहिलेली नाही.

एका ठिकाणी मात्र मी टीकाकारांच्या बाजूला जाऊन बसतो, आणि तिथे जरा थांबायला हवं. तो मुद्दा हृदयविकाराच्या झटक्याचा.

दोन बोटांचं यंत्र हृदयाकडे एका दिशेने पाहतं. ठोक्यांचा ताल ओळखायला एक दिशा पुरते. झटक्यात मात्र हृदयाच्या स्नायूचा एखादा भाग रक्तावाचून मरत असतो आणि तो भाग त्या एका दिशेला दिसेलच असं नाही. म्हणूनच दवाखान्यात छातीवर सहा आणि हातापायांना चार पट्ट्या लावून बारा बाजूंनी पाहतात. तेवढ्यानेही पहिला कागद कधी कधी साफ निघतो. दोन बोटांच्या यंत्राने छातीत दुखणाऱ्या माणसाला ‘नॉर्मल’ म्हणून सांगितलं आणि तो घोंगडी पांघरून झोपला, तर त्या माणसाचा जीव यंत्राने घेतला असंच म्हणावं लागेल. ॲपल स्वतः बजावते, की हे घड्याळ झटका ओळखत नाही. पण जाहिराती, दुकानदार आणि पुढे ढकललेले संदेश असा काही आव आणतात, की घरात यंत्र आलं म्हणजे हार्ट अटॅक दाराबाहेर राहिला. नोएडाच्या अगात्साचं ‘संकेत’, देहरादूनच्या सनफॉक्सचं ‘स्पंदन’ अशी देशी यंत्रंही आली आहेत. बारा लीडची देशी यंत्रंही मिळतात. त्यांचा उपयोग आहे, पण दुखत असताना घरी बसून जागा बदलत आलेख काढायचा नसतो. छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर मोबाइल एकाच कामाचा, १०८ लावायला. झटक्यात गाठ विरघळवणारं इंजेक्शन जितक्या लवकर तितकं कामाचं, आणि नामपूरहून आधीच वाटेत वेळ जाणार आहे.

तेव्हा या मुद्द्यावर खडसावायचं असेल तर विकणाऱ्यांना खडसवा. २०२० पासून वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत. औषधाच्या पाकिटावर जसा ठळक इशारा असतो, तसा या यंत्राच्या डब्यावर आणि ॲपच्या पहिल्या पानावर मराठीत असायला काय हरकत आहे, की छातीत दुखत असेल तर हे वापरू नका, दवाखाना गाठा. आज बहुतेक ॲप इंग्रजीत बोलतात. पडद्यावर ‘पॉसिबल एट्रियल फिब्रिलेशन’ उमटतं आणि ते वाचून आजीला समजावायचं काम नववीतल्या नातवावर येतं. तो बिचारा गूगल करतो. ही सोय नव्हे, ही हेळसांड आहे.

आणि ज्यांना हे यंत्र खेड्यात चालवायचं आहे त्यांनी खेड्याचे हातही पाहावेत. कांद्याने आणि मातीने राठ झालेल्या, भेगा पडलेल्या कोरड्या बोटांतून वीज नीट पोचत नाही. आलेखात गवत उगवल्यासारखं दिसतं आणि यंत्र म्हणतं, ओळखता येत नाही. बोटं ओली करायची, हात मांडीवर टेकवायचे, बोलायचं नाही आणि मोबाइल चार्जिंगला लावलेला असेल तर आधी तो काढायचा, नाहीतर घरातल्या विजेची थरथर आलेखात उतरते. हे सांगायला दोन मिनिटं लागतात. सांगितलं नाही, तर महिनाभर निरुपयोगी कागद जमा होतात आणि यंत्र बदनाम होतं. मनगटावरचे स्वस्त पट्टे वेगळे. त्यांतले बरेचसे हिरव्या उजेडाने नाडी मोजतात, ईसीजी काढतच नाहीत. दुकानदार मात्र दोन्हींना ‘हार्टवालं घड्याळ’ म्हणून विकतो.

आता टीकाकारांचा शेवटचा प्रश्न, आणि माझ्या मते तोच सगळ्यांत वजनदार. सापडलं, पुढे काय?

एसव्हीटी सापडली तर पुढचं सरळ आहे, नाशिक किंवा मुंबई आणि एकदाची ती तार. पण एट्रियल फिब्रिलेशन सापडलं तर? त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्त साकळून गाठ होते, ती मेंदूत गेली तर पक्षाघात. युरोप-अमेरिकेत हा म्हातारपणाचा आजार. आपल्याकडे त्याचा चेहरा वेगळा आहे. देशभरातल्या रुग्णालयांच्या एका मोठ्या नोंदीत अशा रुग्णांचं सरासरी वय पंचावन्नच्या आसपास निघालं आणि जवळपास निम्म्यांच्या मुळाशी संधिवाताच्या तापाने खराब झालेली हृदयाची झडप होती. लहानपणी घसा धरतो, मग सांधे सुजतात, घरचे म्हणतात वाढीचं दुखणं. पंधरा-वीस वर्षांनी झडप आखडते आणि बाळंतपणात दम लागून ते उघडकीला येतं. म्हणजे खेड्यातली तिशीतली बाई. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या खेड्यांत मोबाइलला जोडायची यंत्रं घेऊन दोनेक हजार माणसांची पाहणी झाली, तीत शंभरी दीडच्या आसपास एट्रियल फिब्रिलेशन निघालं.

झडप अशी आखडलेली असेल तर नवी, विनातपासणीची रक्त पातळ करणारी गोळी चालत नाही. २०२२ साली इनव्हिक्टस नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. भारतासह २४ देशांतले साडेचार हजार रुग्ण तीत होते, आणि दिल्लीच्या एम्सचे डॉ. गणेशन कार्तिकेयन तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक. अपेक्षा होती, की नवी गोळी निदान बरोबरीची तरी ठरेल. जिंकली जुनी, वॉरफरीनच्या कुळातली. जुन्या गोळीवरची माणसं जास्त जगली. पण या जुन्या गोळीला आयएनआर ही रक्ततपासणी सतत लागते, सुरुवातीला दर काही दिवसांनी, मग महिन्याला. आकडा दोनच्या खाली गेला तर गाठीची भीती, तीनच्या वर गेला तर रक्तस्रावाची. हिवाळ्यात मेथी-पालकाची रेलचेल झाली तरी आकडा हलतो.

तर नामपुरात यंत्राने थरथर पकडली आणि दर महिन्याला आयएनआरसाठी तालुक्याला किंवा मालेगावला पळावं लागलं, तर चौथ्या महिन्याला गोळी सुटणार, हे सांगायला ज्योतिषी नको. टीकाकार इथे म्हणतात, म्हणूनच यंत्र नको. हे मला कधी कळलं नाही. पुढची व्यवस्था नाही म्हणून आजार शोधायचाच नाही, हा न्याय आपण क्षयाला लावला का? कुष्ठरोगाला लावला का? तिथे आधी माणसं शोधली, मग त्यांच्या दारात गोळ्या नेल्या. आयएनआरही आता बोटाच्या थेंबावर मोजता येतो, ग्लुकोमीटरसारखाच. ग्रामीण रुग्णालयात तसं एक यंत्र आणि त्याच्या पट्ट्या ठेवायला किती खर्च येईल, याचा हिशेब जिल्हा परिषदेने एकदा मांडावा आणि शेजारी एका पक्षाघाताचा खर्च लिहावा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं बळ रुग्ण भरती झाल्यावर आणि शस्त्रक्रियेच्या टेबलावर कामाला येतं. धडधड पकडण्याचा आणि दरमहा रक्त तपासण्याचा खर्च ज्याचा त्याने.

म्हणून यंत्र प्रत्येक घरात असावं, असं मी म्हणत नाही. ते कंपन्यांचं म्हणणं आहे, त्यांना खप हवा. एडिंबरावाल्यांनीही रुग्णांना यंत्र विकलं नव्हतं, नव्वद दिवसांपुरतं दिलं होतं. एसव्हीटीच्या रुग्णाला ते तेवढ्यापुरतंच लागतं. दोन-चार दौरे टिपले, निदान झालं, की पुढच्याला. नामपूरच्या ग्रामीण रुग्णालयात अशी चार यंत्रं असली, नोंदवहीत सही घेऊन दोन-तीन महिन्यांसाठी दिली, परत घेतली, आणि आलेला कागद त्याच दिवशी वाचायला नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात एक नाव ठरवून दिलं, तर खर्च चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे जाणार नाही. शासकीय इमारतीच्या उद्घाटनाचा मांडवही यापेक्षा महाग पडतो. यंत्र मोडेल, कोणी परत करणार नाही, एखादं पुतण्याच्या घरी राहील. मोडू दे. नोंदवही आणि आलेख वाचणारा माणूस ठरल्याशिवाय मात्र यंत्रं वाटू नयेत. कागद व्हॉट्सॲपवर पडून राहिला आणि कोणी उघडला नाही, तर ती बाई पुन्हा तिथेच आली, फक्त यावेळी तिच्याकडे पुरावा आहे आणि तो वाचायला कोणी नाही.